क्रेडिट रिपोर्टवरचे नंबर: कुठला कुणाचा आणि कुठे लागतो

"सर, रिपोर्टचा रेफरन्स नंबर सांगा."

रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी एवढंच विचारलं होतं. माझ्यासमोर अकरा पानांची पीडीएफ उघडी होती आणि तीत नंबरच नंबर होते. त्यातला सगळ्यात लांब नंबर मी ठणठणीत आवाजात वाचून दाखवला. "हा तुमच्या होम लोनचा अकाउंट नंबर आहे सर." मग मी पॅन वाचला. तोही नाही. तिसऱ्या वेळी बँकेच्या मेलमधला अर्ज क्रमांक वाचायला घेतला, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात बघा."

त्या दिवशी एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून नातेवाइकांचे रिपोर्ट वाचून देताना तीच कामी येते. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमची कर्जं, कार्डं आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदवहीवर, कुठलाही नंबर दिसला की आधी विचारायचं: हा कुणी दिलाय? रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीने, कर्ज देणाऱ्या बँकेने की सरकारने? ज्याने नंबर दिला, त्याच्याच दारात तो चालतो. बँकेचा नंबर रिपोर्ट कंपनीला आणि कंपनीचा नंबर बँकेला देत बसलं की महिना फुकट जातो.

आधी स्वतःची प्रत स्वतः काढा

भारतात हे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने त्यांना परवाने दिलेत. आपण सर्रास "सिबिल काढलं" म्हणतो, पण सिबिल ही चारातली एक. चारही कंपन्यांनी जानेवारी ते डिसेंबर या वर्षात प्रत्येकाला एकदा पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट द्यायचा असा नियम २०१७ पासून आहे. म्हणजे चार फुकट रिपोर्ट. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन काढा. तिथे पैसे भरायच्या योजना मोठ्या अक्षरात असतात आणि फुकटची लिंक बारीक. जरा खाली-वर शोधावं लागतं.

बँकेत ओळखीच्या माणसाने "मी काढून देतो" म्हणून दिलेली प्रत या कामाला चालत नाही. बँकेने काढलेल्या रिपोर्टात दुसऱ्या बँकांची नावं झाकलेली असतात, त्यांचे खाते क्रमांकही दिसत नाहीत. शिवाय त्या प्रतीच्या माथ्यावर मेंबर रेफरन्स नंबर नावाचा एक नंबर असतो. तो बँकेने आपल्या सोयीसाठी टाकलेला असतो, तुमच्या उपयोगाचा नाही. पैशांच्या अॅपवर दिसतं ते बऱ्याचदा एका कंपनीच्या रिपोर्टाचं सारांशवजा पान असतं. स्कोअर बघायला ठीक आहे, तक्रारीला पूर्ण पीडीएफ हवी.

आणि हो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर घसरत नाही. ही भीती इतकी पसरलेली आहे की लोक वर्षानुवर्षं बघतच नाहीत.

माथ्यावरचा नंबर

पीडीएफ उघडली की स्कोअरकडे धावू नका. ३०० ते ९०० मधला तो आकडा कुठे पळून जात नाही. आधी पहिल्या पानाचा माथा बघा. तारखेच्या आसपास एक नंबर असतो. सिबिलच्या रिपोर्टवर त्याला कंट्रोल नंबर म्हणतात, एक्स्पीरियनच्या रिपोर्टवर ईआरएन, म्हणजे एक्स्पीरियन रिपोर्ट नंबर. इक्विफॅक्सकडे रिपोर्ट ऑर्डर नंबर असतो, शेजारी क्लायंट आयडीही दिसेल. क्रिफच्या रिपोर्टवर सीएचएम रेफ असं लिहिलेलं असतं. नावं चार, काम एकच.

हा नंबर तुमचा नसतो. तो त्या प्रतीचा असतो. सोमवारी रिपोर्ट काढला आणि गुरुवारी पुन्हा काढला तर माणूस तोच, नंबर दोन. रेल्वेच्या तिकिटासारखं आहे: प्रवासी बदलत नाही, पण दर तिकिटाचा नंबर वेगळा. माझ्या एका काकांनी डायरीत पॅन आणि बँक खात्यांच्या खाली "सिबिल नंबर" म्हणून एक नंबर लिहून ठेवला होता आणि तीन वर्षं तोच सगळीकडे सांगत होते. तो तीन वर्षांपूर्वीच्या एका प्रतीचा कंट्रोल नंबर होता.

कंपनीला हा नंबर हवा असतो, कारण त्यावरून तुम्ही बघताय नेमकी तीच प्रत त्यांच्या पडद्यावर येते. "दुसऱ्या पानावर तिसरं खातं" म्हणालात की त्यांनाही तेच दिसतं. रिपोर्टातली माहिती सतत बदलत असते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्यातून एकदा ताजी माहिती पाठवणं बंधनकारक झालं. म्हणून तक्रार करायची तर जुनी पीडीएफ उकरून काढू नका. ताजी प्रत काढा आणि तिचाच नंबर द्या.

पॅनची पाच सेकंदांची तपासणी

त्याखाली तुमचं नाव, जन्मतारीख आणि ओळखीचे नंबर येतात: पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, जे जे तुम्ही कधी कर्जाच्या अर्जात दिलं असेल ते. हे सरकारी नंबर. रिपोर्ट कंपनी ते बनवत नाही, बँकेने पाठवले तसे छापते.

पॅन नीट वाचा. पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी "पी" असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. समजा आडनाव कुलकर्णी आहे आणि पाचव्या जागी इंग्रजी "एस" आहे, तर थांबा. कुणीतरी टाइप करताना चूक केलीय किंवा दुसऱ्याची माहिती तुमच्यात मिसळलीय. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो, त्यामुळे पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं असतं. ती चूक नव्हे.

इथला एक चुकीचा नंबर पुढे महागात पडतो. सारख्या नावाच्या दोन माणसांची कर्जं एकमेकांच्या रिपोर्टात शिरतात ती याच दारातून. पाच वर्षांपूर्वीचे भाड्याच्या घराचे पत्ते आणि जुने मोबाइल नंबर दिसले तर मात्र घाबरू नका, ते तुमचेच असतात. फक्त चालू मोबाइल नंबर त्यात आहे ना, एवढं बघा. रिपोर्ट कुणी मागवला की कंपनीने मेसेज किंवा मेल पाठवायचा असतो, आणि तो बंद पडलेल्या सिमवर जाऊन उपयोग नाही.

खाते क्रमांक: खरी मारामारी इथे

आता रिपोर्टाचं पोट. एकेका कर्जाचा, एकेका कार्डाचा चौकोन: बँकेचं नाव, कर्जाचा प्रकार, खाते क्रमांक, मालकी, उघडल्याची तारीख, रक्कम, बाकी. हा खाते क्रमांक बँकेने दिलेला असतो. कार्डाचा असेल तर मधले आकडे झाकलेलेही असू शकतात.

घरातली कर्जाची कागदपत्रं समोर घ्या आणि प्रत्येक चौकोनाचे शेवटचे चार आकडे पेन्सिलने जुळवा. जुळलं की टिक. न जुळलेल्यांवर लगेच "फसवणूक झाली" म्हणून ओरडू नका. न जुळण्याची साधी कारणं इतकी आहेत की माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा त्यातलंच एखादं निघतं.

पहिलं, तुम्ही अर्ज क्रमांक जुळवताय. कर्ज मागताना बँक एक नंबर देते आणि कर्ज मंजूर होऊन पैसे सुटले की दुसरा. रिपोर्टात दुसराच येतो. हप्ता कापल्याच्या मेसेजमध्ये किंवा कर्जाच्या स्टेटमेंटवर असतो तो. मंजुरीपत्रावर कधीकधी दोन्ही असतात आणि अर्जाचा ठळक अक्षरात छापलेला असतो.

दुसरं, बँकच बदलली. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे जुन्या गृहकर्जावर आता बँकेचं नाव दिसतं. विलीनीकरणात खात्याचे नंबर बदलू शकतात. अशा वेळी नंबरापेक्षा कर्ज उघडल्याची तारीख आणि मूळ रक्कम जुळवा. त्या दोन गोष्टी सहसा तशाच राहतात. एकच कर्ज जुन्या आणि नव्या अशा दोन नावांनी दोनदा चालू दिसत असेल तर मात्र ती चूक आहे, सोडू नका.

तिसरं, अॅप. फोनवरच्या अॅपवरून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं किंवा "आता घ्या, नंतर भरा" केलं, तर रिपोर्टात अॅपचं नाव येत नाही. पैसे ज्या बँकेने किंवा वित्त कंपनीने दिले तिचं येतं, आणि ते नाव तुम्ही आयुष्यात ऐकलेलं नसतं. कर्जाच्या करारात किंवा त्यासोबतच्या मुख्य माहितीच्या पत्रकात ते लिहिलेलं असतं. मेलमध्ये त्या महिन्याच्या आसपास शोधा.

मग किरकोळ. सोनेतारण दरवेळी नव्याने केलं की नवा नंबर, म्हणून एकाच दागिन्यांपायी पाच-सहा चौकोन दिसतात, सगळे बंद. टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, घेतलं किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं तरी नवा नंबर. बुडीत कर्ज बँकेने मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं की नाव त्या कंपनीचं होतं. आणि मालकीच्या रकान्यात "गॅरंटर", म्हणजे जामीनदार, असेल, तर नंबर तुमच्या कागदात सापडणारच नाही. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरसाठी केलेली ती सही आठवा. त्याचे हप्ते थकले की चौकोन तुमच्या रिपोर्टात लाल होतो.

माझ्या वेळचं भांडण कार्डाचं होतं. २०१९ मध्ये पाकीट हरवलं, बँकेने जुनं कार्ड बंद करून नव्या नंबराचं दिलं. ते मी वापरलं, पुढे बंद केलं, बंद केल्याचं पत्रही घेतलं. रिपोर्टात मात्र जुनं कार्ड चालू आणि त्यावर ५९० रुपये थकीत. ५०० रुपये वार्षिक फी आणि वर १८ टक्के जीएसटी, हिशेब तोंडी लागला. शाखेत गेलो, पत्रावरचा नंबर दिला. "सर, हे तर बंद आहे, काही बाकी नाही." बरोबरच होतं त्यांचं. पत्रावर नव्या कार्डाचा नंबर होता. दोन हेलपाटे झाल्यावर जुन्या मेलमधलं २०१८ चं स्टेटमेंट काढलं, त्यावरचे शेवटचे चार आकडे रिपोर्टशी जुळले, ते दिल्यावर त्यांच्या संगणकात ते भूत सापडलं. तेव्हापासून कार्ड बदललं की जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मी लिहून ठेवतो.

नंबरासारखं दिसतं, पण नंबर नाही

प्रत्येक खात्याखाली महिन्यांची रांग असते, बहुधा ३६ महिन्यांची. त्यात ०००, ०३०, ०६२ असे आकडे. नवखे लोक याला कोड समजतात. ते हप्ता किती दिवस थकला त्याचे दिवस आहेत. तीन शून्यं म्हणजे वेळेवर. तीन एक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, तुमचा त्यात दोष नाही. एसटीडी, एसएमए, एसयूबी, डीबीटी, एलएसएस ही अक्षरं कर्जाची प्रतवारी सांगतात. पहिलं चांगलं, मग उतरती कळा. स्कोअरच्या जागी एनए किंवा एनएच असेल तर स्कोअर काढण्याइतका इतिहासच नाही, एवढाच अर्थ.

चौकशीची यादी

शेवटी तुमचा रिपोर्ट कुणी कुणी मागवला त्याची यादी येते: बँक, तारीख, कशासाठी, किती रकमेसाठी. इथे खाते क्रमांक शोधू नका, कारण कर्ज झालेलंच नसतं. ओळखायचं साधन तारीख. एका एजंटकडे एक अर्ज दिला आणि त्याने तो चार बँकांत फिरवला, तर एकाच आठवड्यात चार नोंदी पडतात. आठवत नसलेली नोंद दिसली तर त्या दिवसाचे मेसेज बघा. तिथेही काही नसेल तर ज्या बँकेने मागवला तिला लेखी विचारा की माझ्या पॅनवर कुणाचा अर्ज आला होता.

चूक सापडली तर

कंपनीच्या वेबसाइटवर डिस्प्यूटचा, म्हणजे चुकीच्या नोंदीवर हरकत घ्यायचा अर्ज असतो, फी नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र गेल्या पाहिजेत: प्रतीचा नंबर, रिपोर्टात छापलाय तसाच खाते क्रमांक, आणि कुठला रकाना चुकीचा आहे. "माझा सिबिल खराब दाखवतोय, दुरुस्त करा" एवढ्यावर काही हलत नाही. मी लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

"दि. … रोजी काढलेल्या रिपोर्टमध्ये, कंट्रोल नंबर …, क्रेडिट कार्ड खाते, शेवटचे चार आकडे …, हे चालू आणि ५९० रु. थकीत दाखवले आहे. हे कार्ड २०१९ मध्ये हरवल्यामुळे बँकेने बंद केले होते. बदली कार्ड बंद केल्याचे बँकेचे पत्र आणि जुन्या कार्डाचे स्टेटमेंट सोबत जोडले आहे. खात्याची स्थिती 'बंद' आणि थकबाकी 'शून्य' अशी दुरुस्त करावी."

सोबत एनओसी (काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र), शेवटचं स्टेटमेंट, पैसे भरले असतील तर त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर. यूटीआर हा पैसे पाठवल्याचा नंबर. "भरले की नाही" असा वाद आला की तोच कामाचा, कारण त्यावरून बँक रक्कम शोधून काढू शकते.

अर्ज गेला की कंपनी डिस्प्यूट आयडी देते. हा जपा. यापुढचं सगळं बोलणं याच नंबरावर होतं, कंट्रोल नंबराचं काम इथे संपलं. मधल्या काळात सिबिलच्या रिपोर्टात त्या खात्यासमोर "अंडर डिस्प्यूट" असा शेरा येऊ शकतो. कंपनी स्वतःच्या मनाने काही खोडत नाही. बँकेने होकार दिल्याशिवाय नोंद बदलायची नाही असा कायदाच आहे. म्हणून त्याच दिवशी बँकेलाही लेखी तक्रार द्या आणि तिचा वेगळा तक्रार क्रमांक मागून घ्या. काउंटरवरचं "बघतो" हा तक्रार क्रमांक नव्हे.

तक्रार निकाली काढायला बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दिवस पहिल्या तक्रारीपासून मोजायचे, म्हणून त्या पोचपावतीची तारीख सोन्यासारखी. तरीही काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्यात. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करायची, माहितीसाठी १४४४८ हा फोन. तिथे आणखी एक तक्रार क्रमांक मिळतो, आणि तिथल्या अर्जात तुमचे आधीचे दोन, कंपनीचा आणि बँकेचा, लिहावे लागतात. ते नसले की अर्ज लंगडा पडतो.

या सगळ्यात कुणाचा फोन आला की "स्कोअर वाढवून देतो, कंट्रोल नंबर आणि ओटीपी सांगा", तर फोन ठेवा. खरी नोंद पैसे घेऊन पुसणारा कुणी नसतो, आणि ओटीपी मागणाऱ्याला रिपोर्ट नको असतो.

माझं ते भूत सतरा दिवसांत गेलं. पण एका कंपनीच्या रिपोर्टातून गेलं. दुसऱ्या कंपनीकडे महिन्याने काढलेल्या फुकट रिपोर्टात ५९० रुपये तसेच होते. तिथे पुन्हा नवी प्रत, नवा नंबर, नवा डिस्प्यूट. आता पीडीएफ सेव्ह करताना फाइलच्या नावातच कंपनी, तारीख आणि माथ्यावरचा नंबर टाकतो. बाई फोनवर थांबलेल्या असताना अकरा पानं चाळावी लागत नाहीत.